शाळेच्या फाटकापासून चारशे मीटर

मुलाचं वजन वाढलं की ठपका ठेवायच्या जागा आपल्याकडे ठरलेल्या असतात. मुलाची जीभ, हातातला मोबाइल, आजीचे लाड, नाहीतर "आमच्या घराण्यातच आहे ते." मग आहाराचा तक्ता येतो, तो फ्रिजवर लागतो, पंधरा दिवस पाळला जातो. या सगळ्यात एक गोष्ट कुणी विचारत नाही: हे मूल रोज कोणत्या रस्त्याने जातं? घर ते शाळा, शाळा ते क्लास, क्लास ते घर या वाटेवर त्याला चालता येतं का, खेळायला जागा दिसते का, भूक लागली तर हाताशी काय येतं? गेली पंचवीस-तीस वर्षं जगभरचे संशोधक नेमकं हेच मोजत आहेत. परिसर मुलांच्या शरीरापर्यंत कसा पोचतो, हे त्यांच्या कामातून बऱ्यापैकी उलगडलं आहे. आपल्या शहरांना ते लावून पाहिलं, तर बोलण्यासारखं बरंच निघतं.

आधी बारा ते अठरा हे वयच का, ते पाहू. पाच वर्षांच्या मुलाचं जग आईबाप ठरवतात. चाळिशीतल्या माणसाकडे गाडी असते, पगार असतो. जवळ काही मिळालं नाही तर तो लांब जातो. बारा ते अठरा हे वय या दोन्हींच्या मधलं. मुलं एकटी हिंडू लागलेली असतात, पण पायांनी किंवा सायकलने जाता येईल तेवढंच. खिशात पैसे असतात, पण वीस-तीस रुपये. म्हणून जवळ काय आहे याचा परिणाम या वयात सगळ्यात थेट होतो. त्यात शरीर वाढत असतं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३३२० आणि मुलीला २५०० कॅलरी लागतात. शाळा सुटल्यावर कडकडून लागणारी भूक खरी असते, तिला हावरटपणा म्हणू नये. त्या भुकेला वाटेत काय भेटतं, एवढाच प्रश्न असतो.

आता चालण्याचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी किंवा निदान भराभर चालण्याइतकी हालचाल व्हायला हवी. १४६ देशांतल्या शाळकरी मुलांच्या पाहण्या एकत्र करून २०१९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलांची एवढी हालचाल होत नसल्याचं दिसलं. भारताचा आकडा किंचित बरा, म्हणजे चारांतली तीन मुलं कमी पडणारी. मुलींचं प्रमाण जगात जवळजवळ सगळीकडे मुलांपेक्षा वाईट.

हा तास भरायचा कसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्विमिंगची फी, बॅडमिंटनचं कोचिंग येतं. पण शाळा दीड किलोमीटरवर असेल आणि मूल बऱ्या वेगाने चालत गेलं, तर जायला वीस मिनिटं आणि यायला वीस. साठातली चाळीस मिनिटं तिथेच झाली, तीही वेगळा वेळ न काढता, रोज. तेच मूल बाबांच्या स्कूटरवर मागे बसून गेलं तर शून्य. पन्नास किलोच्या मुलाच्या तीन किलोमीटर चालण्यात साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात. हा आकडा लहान आहे आणि त्याबद्दल भ्रम नको: एका वडापावात याच्या दुप्पट कॅलरी सहज असतात. नुसतं चालून वजन उतरत नाही. पण हाडं, हृदय, स्नायू, झोप आणि मन यांना या चाळीस मिनिटांचा जो फायदा होतो, तो वजनकाट्यावर दिसायची गरजही नसते.

मूल चालतं की नाही, हे कशावर ठरतं? संशोधक प्रामुख्याने तीन गोष्टी मोजतात. ठरावीक क्षेत्रात किती घरं आहेत, घरं-दुकानं-शाळा एकमेकांत मिसळलेल्या आहेत की वेगवेगळ्या टापूंत विभागलेल्या, आणि रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात. तिसरी गोष्ट आपल्या नव्या उपनगरांत सगळ्यात जास्त बिघडली आहे. पुण्यातली सदाशिव किंवा नारायण पेठ घ्या. गल्ल्या आखूड, दर शंभर पावलांवर वळण, बोळातून बोळ. कुठूनही कुठेही जायला दोन-तीन वाटा. आता बाणेर-वाकडकडच्या मोठ्या सोसायट्या बघा. चारी बाजूंनी भिंत, एक मुख्य गेट, पलीकडे दुसऱ्या सोसायटीची भिंत. गच्चीवरून शाळा दिसते, हवाई अंतर तीनशे मीटर. पण गेटमधून बाहेर पडून, भिंतीला वळसा घालून, दुभाजकाची फट शोधून पोचायचं तर किलोमीटर पार होतो, आणि शेवटचा टप्पा सर्व्हिस रोडवरून उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकींमधून. अशा ठिकाणी स्कूल बस लावणाऱ्या आईला आळशी म्हणता येणार नाही. तिने रस्ता पाहिलेला असतो. सुरक्षिततेसाठी बांधलेल्या भिंतीने मुलाचं चालणं काढून घेतलं, ही त्या भिंतीची किंमत कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेली नसते. दोन सोसायट्यांच्या सामाईक भिंतीत फक्त पायी जाणाऱ्यांसाठी एक छोटं दार ठेवलं तरी कितीतरी मुलांचं अंतर निम्म्यावर येईल.

इथे एक सावधगिरी हवी. अमेरिका-युरोपातल्या अभ्यासांत मुलं चालतात म्हणजे परिसर चांगला, असं समीकरण बऱ्याचदा बसतं. आपल्याकडे ते उलटंही असतं. हैदराबादमधल्या ४५ शाळांतल्या अकरा ते चौदा वयाच्या मुलांच्या अभ्यासात सुमारे ५७ टक्के मुलं पायी शाळेत जात होती. पाश्चात्त्य शहरांना हेवा वाटावा असा आकडा. पण आपल्या शहरांत पायी जाणाऱ्यांत मोठी संख्या त्या घरांतली असते, ज्यांना दुसरं साधन परवडत नाही. फुटपाथ असो वा नसो, ती चालतात. चालण्याबरोबर धूर आणि अपघाताची भीतीही त्यांच्या वाट्याला येते. मग घरात दुचाकी आली की पहिलं काय बंद होतं? मुलांचं चालणं. म्हणजे आपलं चालणं रस्त्यांच्या चांगुलपणावर नाही, गरिबीवर टिकलेलं आहे. उत्पन्न वाढेल तसं ते ओसरणार, जर रस्ते तसेच राहिले तर. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्याने हे डोळ्यांदेखत पाहिलं आहे.

खेळाकडे वळलं की जागेइतकाच प्रश्न घड्याळाचा निघतो. नववीपासून संध्याकाळचे क्लास सुरू होतात, पाच ते आठ वगैरे. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. शाळा सुटल्यापासून क्लास सुरू होईपर्यंत तासभर मिळाला तर मिळाला, आणि त्यात जेवायचंही असतं. महापालिकेच्या बागा बहुतेक ठिकाणी दुपारी बंद असतात. उघडतात तेव्हा फाटकावर बोर्ड असतो: बॉल खेळण्यास मनाई. सोसायटीत पार्किंगच्या काचा फुटतात म्हणून क्रिकेट बंद. घसरगुंडी-झोपाळे आठ वर्षांपर्यंतच्यांसाठी, बाकं ज्येष्ठांसाठी, वॉकिंग ट्रॅक मधुमेहींसाठी. तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी म्हणून बागेत काय आहे, असं विचारलं तर उत्तर सापडत नाही. ही मुलं घोळका करून उभी राहिली की रखवालदार हटकतो. शहरांच्या नियोजनासाठी केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. मुंबईत माणशी दोन चौरस मीटरही प्रत्यक्ष वापरता येण्याजोगी नाही. एवढ्याशा जागेवर जो आधी येतो आणि ज्याचा आवाज मोठा, तो खेळतो.

आणि म्हणूनच मुली खेळत नाहीत. मैदान नावाला सगळ्यांचं असतं, पण संध्याकाळी तिथे क्रिकेटच्या चार मॅचेस एकमेकींत घुसून चाललेल्या असतात आणि खेळणारे सगळे मुलगे. कडेला उभं राहावं तर शेरे येतात. स्वच्छतागृह नसतं, असलं तर कुलूप. पाळीच्या दिवसांत तर प्रश्नच मिटला. दिवा एका कोपऱ्यात, आणि घरून निघताना सांगितलेलं असतं, "अंधार पडायच्या आत घरी ये." सहावी-सातवीपर्यंत लंगडी, खो-खो खेळणारी मुलगी नववीत मैदानावरून नाहीशी होते आणि आपण म्हणतो, तिला आता आवड राहिली नाही. मला हे फार अन्यायाचं वाटतं. तिच्या आवडीची परीक्षा घेण्याआधी मैदानाची घ्यायला हवी. आठवड्यातले ठरावीक दिवस मैदान मुलींसाठी राखणं, दिवे लावणं, स्वच्छतागृह उघडं ठेवणं, एक शिक्षिका किंवा ताई तिथे हजर असणं, यातल्या कशालाच नवी जागा लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत परिसराची पकड किती जवळून असते, याचा सगळ्यात बोलका पुरावा कॅलिफोर्नियातून आला. तिथल्या सुमारे तीस लाख शाळकरी मुलांची माहिती घेऊन चार अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं होती नववीची, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची. शाळेपासून एक दशांश मैलात, म्हणजे सुमारे १६० मीटरच्या आत फास्ट फूडचं दुकान असेल, तर त्या शाळेत स्थूल मुलांचं प्रमाण निदान ५.२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. तेच दुकान पाव मैलावर, म्हणजे चारशे मीटरवर असेल, तर परिणाम सापडला नाही. दोन मिनिटं आणि पाच मिनिटं यांतला हा फरक. वजनात एवढा फरक पडायला शाळेच्या दिवशी जास्तीत जास्त ३० ते १०० जादा कॅलरी पुरतात, असाही त्यांचा अंदाज होता. शंभर कॅलरी म्हणजे मोठी मेजवानी नव्हे. दहा रुपयांचं वेफर्सचं पाकीट. पण ते रोजचं.

आपल्याकडे याविषयी नियम आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकायला मनाई आहे. लंडनच्या २०२१ च्या शहर आराखड्यात शाळेपासून चालत ४०० मीटरच्या आत नवी टेकअवे दुकानं नकोत, असं धोरण आहे. पन्नास मीटर म्हणजे साठ-सत्तर पावलं. कॅलिफोर्नियातल्या मुलांना भुरळ घालणारं अंतर याच्या तिप्पट होतं. शिवाय नियम शाळेच्या फाटकापासून मोजतो, क्लासच्या जिन्यापासून नाही. आणि आपल्या मुलांची खरी भुकेची वेळ क्लासच्या जिन्यावर येते. साडेसातला बॅच सुटते तेव्हा खाली उभ्या असलेल्या गाड्यांकडे नीट पाहा. चायनीज भेळ, फ्रँकी, चीज वडापाव, लाल-हिरव्या सरबताचे ग्लास. टपरीच्या समोरच्या तारेवर वेफर्सच्या माळा टांगलेल्या असतात, बरोबर पंधरा वर्षांच्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर. फ्रिजमध्ये दहा रुपयांच्या दोनशे मिलिलिटरच्या बाटल्या. अशा एका बाटलीत साधारण वीस ग्रॅम साखर असते. दिवसभरात वरून घेतलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे चार घोटांत दिवसाचा बहुतेक कोटा संपला.

मी वडापावच्या विरोधात नाही. तो गरम असतो, समोर तळला जातो, पोट भरतो, आणि त्या पैशांत पोट भरणारं दुसरं काय मिळतं, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. केळं मिळतं. नगाला पाच-सात रुपये, सोलायचं आणि खायचं. पण केळीवाला बाजाराच्या तोंडाशी उभा असतो, तिथे डझनाने खरेदी करणाऱ्या बायका येतात. क्लासच्या दाराशी तो येत नाही, कारण तिथे उभं राहायचा हप्ता, जागेची मारामारी आणि दोन तासांचा धंदा त्याला परवडत नाही. उकडलेली अंडी, शेंगदाणे, चणे, काकडी, ताक, भाजलेलं कणीस हे सगळं आपल्या रस्त्यावर विकलं जातंच. ते मुलं असतात तिथे आणि तेव्हा मिळत नाही. फेरीवाल्यांना हुसकावून हे सुटणार नाही. त्यांच्यातल्या काहींना परवान्यात, जागेच्या भाड्यात सवलत देऊन क्लासच्या गल्लीत आणलं तर सुटू शकेल.

फक्त एक चांगलं दुकान उघडून किंवा एक वाईट बंद करून भागतं, असा मात्र समज नको. फिलाडेल्फियातल्या एका गरीब वस्तीत सरकारी मदतीने नवं सुपरमार्केट उघडलं. लोकांना चांगलं अन्न मिळणं सोपं झाल्यासारखं वाटलं, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्या फळं-भाज्या खाण्यात आणि वजनात फरक दिसला नाही. लॉस एंजलिसच्या दक्षिण भागात २००८ साली स्वतंत्र इमारतीतल्या नव्या फास्ट फूड दुकानांवर बंदी आली. पुढच्या काही वर्षांत तिथली स्थूलता कमी न होता वाढतच राहिली. कारण जुनी दुकानं होती तिथेच होती आणि नवी येत होती ती लहान किराणा-कम-खाऊची, बंदीच्या व्याख्येत न बसणारी. याउलट लंडनने २०१९ मध्ये बस आणि मेट्रोवरून जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेल्या पदार्थांच्या जाहिराती काढून टाकल्या, तेव्हा घरोघरच्या खरेदीत आठवड्याला सुमारे हजार कॅलरी कमी झाल्याचा अंदाज निघाला. अंतर, किंमत, वेळ, जाहिरात आणि सवय या गोष्टी एकत्र काम करतात. एकीला हात लावला की दुसरी तिची जागा भरून काढते.

एक शंका इथे कुणालाही येईल. चांगल्या वस्तीत राहणारे लोक मुळातच जास्त शिकलेले, जास्त पैसेवाले असतात. मग मुलं सडसडीत आहेत ती वस्तीमुळे की घरामुळे? शंका रास्त आहे, आणि तिची तपासणी करणारा एक विलक्षण प्रयोग झाला आहे. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने बॉल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्क या शहरांतल्या अति गरीब वस्त्यांतल्या साडेचार हजारांहून जास्त कुटुंबांत चिठ्ठ्या टाकल्या. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी भाड्याची मदत दिली, काहींना नाही. दहा ते पंधरा वर्षांनी मोजलं तेव्हा मदत मिळालेल्या गटातल्या बायकांत तीव्र स्थूलतेचं आणि मधुमेहाचं प्रमाण प्रत्येकी चार-साडेचार टक्के अंकांनी कमी होतं. चिठ्ठीनेच ठरल्यामुळे हा फरक वस्तीकडेच बोट दाखवतो. मुलांच्या वजनात मात्र असा ठळक फरक दिसला नाही. मनाच्या बाबतीत तर मुलींना स्थलांतराचा फायदा झाला आणि मुलग्यांना त्रास, बहुधा जुने मित्र, ओळखीचा कट्टा मागे राहिल्यामुळे. परिसर म्हणजे फुटपाथ आणि दुकानं एवढंच नसतं, तिथली माणसंही असतात, हे त्यातून कळतं. आणि वजन ही गोष्ट फार सावकाश, फार वळणं घेऊन परिसराला उत्तर देते हेही.

वजनावर अडून राहू नये याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. दिसायला काटक, आत चरबी जास्त, अशी आपली ठेवण. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या वाढीच्या तक्त्यांत जादा वजनाची रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली धरली आहे. दुसरीकडे २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं वयाच्या मानाने बारीक आणि ५ टक्के जादा वजनाची आढळली. एकाच वर्गात दोन्ही बसलेली असतात. बारीक मुलाने वेफर्स खाल्ले तर चालतात, असा अर्थ यातून काढू नये. त्यालाही चालणं, खेळ आणि अंडं-शेंगदाणे हवेतच. वाट सुधारली तर फायदा दोघांना होतो, आणि जाड मुलाला वेगळं काढून लाजवावं लागत नाही.

तुमच्या मुलाची वाट कशी आहे हे पाहायचं असेल तर एका शाळेच्या दिवशी त्याच्याबरोबर, त्याच्याच वेळेला, पायी निघा. पुढे त्याला चालू द्या. कुठे तो रस्त्यावर उतरतो, कुठे थांबून गाड्यांची रांग संपायची वाट बघतो, कोणत्या भिंतीमुळे वळसा पडतो, कोणता दिवा बंद आहे, ते टिपून घ्या. मुलगी असेल तर कोणत्या कोपऱ्यावर ती पावलं भरभर उचलते, तेही. पाच मिनिटांच्या टप्प्यात वीस रुपयांत खायला काय काय मिळतं, याची यादी मुलांनाच करायला सांगा. मुलं ती तुमच्यापेक्षा नेमकी करतील. मग शाळेतल्या आणखी चार-पाच घरांच्या यादीशी ती जुळवा. पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या भागातली कामं सुचवायची पद्धत २००६ पासून आहे. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा असतो, आणि फुटपाथ, पथदिवे, स्वच्छतागृहं यांसारखी कामं त्यात बसतात. अर्जात "रस्ता खराब आहे" असं लिहून उपयोग होत नाही. अमुक शाळेच्या फाटकापासून अमुक चौकापर्यंत फुटपाथ तीन ठिकाणी तुटलेला, दोन दिवे बंद, रस्ता ओलांडायला पट्टे नाहीत, असं लिहावं लागतं. मुलांबरोबर केलेल्या त्या यादीत हे सगळं आधीच लिहिलेलं असतं.